शून्य कचऱ्याचं घर

माझ्या फाटकावर एक हिरवा स्टिकर होता. आता त्याचा एक कोपरा तेवढा उरलाय आणि तो नखानंही निघत नाही. त्यावर एक हसरं पान काढलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'हे घर शून्य कचऱ्याचं'. तो लागला त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर सुचलेलं शहाणपण आधीपासूनच होतं असं दाखवायची सवय मास्तर लोकांना असते. मला ती इथे नको आहे.

मी तळेगावच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो. माझा विषय जीवशास्त्र. पुढे पर्यावरण सक्तीचं झालं, तेव्हा ते कोणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ज्या दिवशी मीटिंग झाली त्या दिवशी मी रजेवर होतो. विषय माझ्या गळ्यात पडला. नंतर तो मला आवडायला लागला, इतका की मुलं मला व्हरांड्यात टाळायला लागली. मुलांच्या लेखी माझा विषय म्हणजे भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर. वही रंगवून आणली की गुण मिळतात, हे अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळायचं. थर्माकोलच्या पाटीवर 'प्रदूषण टाळा' लिहून आणणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. एका मुलीनं प्लॅस्टिकची फुलं लावून जंगल केलं होतं. तिला मी इतका बोललो की ती रडायला लागली. घरी येऊन मोठ्या रुबाबात बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "जंगल चांगलं झालं होतं का, ते तरी बघितलंत का?" मी बघितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आमच्या घरी पर्यावरण बायको करायची आणि मी फक्त शिकवायचो. लोणावळ्यात घर बांधलं तेव्हा तिनं गवंड्याकडून स्वयंपाकघरामागे विटांचा एक हौद बांधून घेतला, तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि कमरेएवढा उंच. इथला पाऊस माहीत असल्यामुळे वर पत्र्याचं झाकण. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, जांभळाची वाळलेली पानं, आंबट झालेलं ताक, सगळं त्यात जायचं. शेजारच्या बंगल्यांत शनिवार-रविवारी माणसं आली की ती त्यांच्याकडून सालंसुद्धा मागून आणायची. मला त्याची लाज वाटायची. आठ-पंधरा दिवसांनी कधीतरी मागच्या दारातून हाक यायची, "अहो, इकडे या, हात घाला." मी पेपर खाली ठेवून जायचो. मनगटापर्यंत हात आत घातला की ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखा लागायचा. मग मी तिला जिवाणूंचं काम समजावून सांगायला लागायचो. ती म्हणायची, "ते जिवाणू असू देत. गरम झालंय ना?"

ती परवाच्या वर्षी मार्गशीर्षात गेली. आठ दिवसांच्या आजारात. मुलगा बंगळूरला असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमच्या गल्लीत सहा घरं आहेत. त्यातले पाच बंगले पुण्या-मुंबईच्या लोकांचे, म्हणजे पावसाळ्यात शनिवारी उजेड आणि सोमवारी कुलूप. एक माळी आठवड्यातून एकदा येतो, कानात वायर खुपसून झाडांवर पाइप धरतो आणि निघून जातो. बारा महिने तेरा काळ राहणारा मी एकटाच. पूर्वी आम्ही दोघं होतो तेव्हा याला निवांतपणा म्हणायचो.

रोज सकाळी साडेनऊला स्वच्छतेचं गाणं वाजवत घंटागाडी यायची. गाडीचा चालक खाली उतरत नाही. मागे कचरा घ्यायला एक बाई असतात, चाळिशीच्या, हातात रबरी मोजे, डोक्याला रुमाल. त्यांचं गाव कान्हे स्टेशनच्या पलीकडे, आत. पहाटेच्या लोकलनं येतात, दुपारच्या लोकलनं परत जातात आणि मग शेतात उतरतात. बायको असताना फाटकाशी तिचं आणि त्यांचं रोज काहीतरी चालायचं. मला आतून हसणं ऐकू यायचं. काय एवढं बोलायचं असतं कचऱ्याच्या गाडीशी, असं मी एकदा विचारलंही होतं. बायको म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं."

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी बादली घेऊन फाटकाशी आलो. बाईंनी माझ्या मागे घराकडे बघितलं. मग विचारलं, "आन् त्या?" मी सांगितलं. त्यांनी चालकाला गाणं बंद करायला लावलं. फाटकाचा गज धरला. म्हणाल्या, "पंधरा दिसामागं मला खोबऱ्याच्या वड्या दिल्या व्हत्या." आणि बादली घेतली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी हौदाकडे फिरकलो नाही. मागचं दारच उघडत नव्हतो. ओला-सुका सगळा कचरा दोन बादल्यांत भरून रोज गाडीला द्यायचो. आयुष्यभर पोरांना कचरा जिरवायला शिकवलं आणि स्वतःचा देऊन टाकायचो. पण त्या निमित्तानं दोन मिनिटं बोलणं व्हायचं. बाई बादलीत डोकवायच्या आणि तिथूनच सुरुवात करायच्या.

"आज बी पिठलंच का सर? दोन दिस झालं, भाजीचं येक देठ न्हाई."

"कंटाळा आला."

"कट्टाळा करून कसं चालंल? उद्या मेथीची काडी दिसली पायजे मला."

आणि मी मेथी आणायचो. निवडायला तासभर लागायचा. काड्या मुद्दाम वर ठेवायचो. आज काय खाल्लं हे विचारणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं आणि ते माझ्या कचऱ्यावरून विचारत होतं. त्या वेळी मला हे इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. मला वाटायचं, मी कचरा टाकायला जातो.

यंदा उन्हाळ्यात माझी मलाच लाज वाटली. कपाटात जुन्या नोट्स सापडल्या. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की घरचा ओला कचरा घरातच जिरला पाहिजे. मागचं दार उघडलं, हौद साफ केला, पत्र्याला गंज आला होता तो घासला आणि सालं टाकायला लागलो. श्रावणात स्वच्छतेच्या मोहिमेचे साहेब घरोघर फिरत आले. तरुण माणूस, पँटला इस्त्री, हातात मोबाइल. त्यांनी हौद बघितला, फोटो काढला. सुका कचरा मी महिन्यातून एकदा स्वतः संकलन केंद्रावर नेऊन देईन असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि फाटकावर स्टिकर लावला. म्हणाले, "सर, आमच्या भागातलं पहिलं आदर्श घर. दिवाळीनंतर कॉलेजची मुलं बघायला आणू." मी त्यांना चहा दिला. आल्याचा चोथा त्यांच्यासमोर हौदात टाकला, जरा दिमाखानंच.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गाणं ऐकू आलं. मी फाटकाशी गेलो, हातात काही नव्हतं तरी. गाणं मोठ्या रस्त्यावरून जवळ आलं आणि तसंच पुढे निघून गेलं.

तिसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन चालकाला विचारलं. तो म्हणाला, "सर, तुमच्या गल्लीत आता फक्त सोमवारी. बाकीचे बंगले बंद, आन् तुमचं घर शून्य. उगाच डिझेल जाळून आत कशाला येयाचं?" बाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. मी परत आलो. त्या योजनेत काही चूक नव्हती. मी आखली असती तरी अशीच आखली असती. उत्तरपत्रिकेत डिझेलचा हा मुद्दा कोणी लिहिला असता तर मी पूर्ण गुण दिले असते.

त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो. शनिवारी गल्लीत एक मोटार शिरली. काच खाली करून एकानं डोंगराच्या कड्याकडे जायचा रस्ता विचारला. मी सांगायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कुठे शब्द आले, तेही घोगरे. मोटार गेल्यावर मी मागे मोजत गेलो. मंगळवारी दुकानात 'पाव किलो' म्हणालो होतो, त्यानंतर हेच. मधले दिवस मी एक शब्द बोललो नव्हतो आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पायरीवर बसलो. मला फार एकटं वाटलं. बायको गेली तेव्हा दुःख झालं होतं. हे त्याहून वेगळं होतं. यात रडूही येत नव्हतं.

सोमवारी गाडी गल्लीत आली, पण द्यायला काही नाही म्हणून मी फाटकाशी गेलोच नाही. मंगळवारी मात्र मी दोन केळ्यांची सालं हौदात टाकली नाहीत. पिशवीत घातली आणि साडेनऊच्या आधीच गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पावसाची भुरभुर होती. छत्री एका हातात, पिशवी दुसऱ्या. गाडी थांबली.

"सर! तुमी तर शून्य झालाव न्हवं? मग ह्यो कचरा कुटला?"

"हौदात पाणी शिरलंय," मी म्हणालो. "पत्रा गळतोय."

पत्रा गळत नव्हता. मी स्वतः त्याला डांबर लावलं होतं.

"मग आना की हितं रोज," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या भाताचं सांगितलं, यंदा आवण, म्हणजे रोपांची लावणी, चांगलं बसलंय म्हणून. मी विचारलं, इंद्रायणी लावलाय का? त्या म्हणाल्या, "मग दुसरं काय लावनार?" गाडी गेली. मी घरी येताना मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होतो. ते गाडीचंच गाणं होतं.

इथून माझी घसरगुंडी सुरू झाली. एका म्हाताऱ्या माणसाचा कचरा किती होणार? एक केळ्याचं साल, चिमूटभर चहा, चार गवारीच्या शिरा. तेवढ्यासाठी गाडी थांबवायची मला लाज वाटायला लागली. म्हणून मी जास्त भाजी आणायला लागलो आणि देठं जरा जाड कापायला लागलो. पालकाची चांगली पानंसुद्धा एकदा देठांबरोबर गेली. सुक्या कचऱ्याची बादली रिकामी दिसते म्हणून बिस्किटांचे पुडे आणले. वेष्टनांवर वर्गात मी किती बोललोय! एका लहानशा पुड्याला किती थर असतात ते फळ्यावर काढून दाखवायचो. आता दुकानात उभा राहून कुठल्या पुड्याचं वेष्टन मोठं आहे ते बघायचो.

सोमवारी पाहुण्यांच्या मोटारी गेल्यावर गल्लीत खाल्लेल्या कणसांची बुरकुंडं, चिक्कीचे कागद, पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असायच्या. पूर्वी ते बघून माझं डोकं तापायचं. आता मी ते पिशवीत भरायचो आणि आपलं म्हणून द्यायचो.

बाईंनी एकदा पिशवीत बघितलं. "सर, आठ कणसं?"

"आवडतात."

"दातं हायत का तेवढी?"

चालकसुद्धा हसला. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी तिघं मिळून हसलो होतो. पण घरी आल्यावर वाटलं, हे काय चाललंय आपलं? हौदाचं झाकण उघडून बघितलं. तळाला मूठभर सुकलेला चोथा आणि कोपऱ्यात एक बेडूक. आत हात घातला. फरशीसारखं गार होतं. स्टिकर मात्र फाटकावर हसत होता.

तो काढून टाकावा असं मनात आलं होतं. साहेबांना फोन करून सांगितलं असतं की माझ्याकडून जमत नाही, तर गाडी निमूट परत आली असती. पण ते 'आदर्श घर' मला सोडवेना. आजूबाजूला बघणारं कोणी नव्हतं, तरी सोडवेना. ही माझी खोड जुनी आहे.

दिवाळी झाली आणि साहेबांचा फोन आला. गुरुवारी सकाळी मुलांना आणतो. मुलं माझ्याच जुन्या कॉलेजची, अकरावीची. मी दोन दिवस झाडलोट केली. हौदात जांभळाची पानं वरपर्यंत भरली, वर त्या दिवसाची सालं पसरली. लांबून बघितलं तर छान दिसत होतं. गडबडीत एक मात्र विसरलो. रोजच्या सवयीनं गाडीला द्यायची पिशवी भरून फाटकाच्या आत ठेवली होती, ती तिथेच राहिली.

तीसेक मुलं आली. त्यांच्याबरोबर आता माझा विषय शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. म्हणाल्या, "सर, आम्ही अजून तुमच्याच नोट्स वापरतो." मला बोलायला इतकी माणसं एकदम मिळाली होती की मी थांबेना. हौदाभोवती सगळ्यांना उभं केलं, जिवाणूंपासून सुरुवात केली. एक मुलगी पुढे होती, चष्मा लावलेली, हातात वही. तिनं न विचारता बाही वर केली आणि हात पानांत घातला.

"सर, हे गार आहे," ती म्हणाली. "नोट्समध्ये लिहिलंय की आत गरम लागतं."

मी म्हणालो, थंडीचे दिवस आहेत. तिला ते पटलेलं दिसलं नाही. वहीत तिनं काहीतरी लिहिलं.

एवढ्यात गाणं ऐकू आलं. मुलांना गाडीतले वेगवेगळे कप्पे दाखवावेत म्हणून साहेबांनी गाडी मुद्दाम आत बोलावली होती. कितीतरी दिवसांनी ती माझ्या फाटकाशी थांबली. बाई खाली उतरल्या. मुलं, साहेब, मॅडम यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "द्या सर. आज उशीर झाला वाटतं." पिशवी त्यांना फाटकातून दिसत होती.

साहेबांनी पिशवीकडे बघितलं, मग स्टिकरकडे. "ह्या घरातून कचरा घेता तुम्ही?"

बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी हात मागे घेतला. "रस्त्यावरचा आसंल तो. सर गोळा करत्यात."

"रोज?"

साहेबांचा आवाज चढला. शून्य कचऱ्याच्या घरातून रोज कचरा उचलला जातो आणि नोंद नाही, म्हणजे काय? उद्या तपासणीला वरचे लोक आले तर कोणी उत्तर द्यायचं? मुलांसमोर ते बाईंना बोलत होते आणि बाई रबरी मोज्यांतली बोटं एकमेकांत घालून खाली बघत होत्या. मी गप्प राहिलो असतो तर माझा स्टिकर राहिला असता. काही क्षण मी गप्प राहिलो, हेही खरं आहे.

मग म्हणालो, "त्यांना बोलू नका. कचरा माझा आहे. मी रोज देतो. पत्रा गळत नाही आणि हौदात खतही होत नाही. मी त्यांच्याशी खोटं बोललो."

चष्म्याच्या मुलीनं विचारलं, "पण का सर? घरी हौद असताना?"

तिच्या प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आलो की शंका मनात ठेवू नका, विचारा. मी म्हणालो, "बोलायला. गाडी थांबली की दोन मिनिटं कोणाशी तरी बोलता येतं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी मुलांना गाडीचे कप्पे बघायला नेलं. साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले आणि जाताना चालकाकडून पत्र्याची पट्टी घेऊन त्यांनी फाटकावरचा स्टिकर खरवडला. रागानं नाही. "सॉरी सर, नियम आहे," म्हणाले. बाईंनी माझ्याकडे न बघता पिशवी उचलली, गाडीत टाकली आणि गाडी गेली. तो अख्खा दिवस मी घरात खिडक्या लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गाणं गल्लीत शिरलं. आता घर शून्य नव्हतं, त्यामुळे नियमानं गाडी यायलाच हवी होती. मी दार उघडलं नाही. गाणं बंद झालं आणि फाटकाचा गज वाजला.

"सर! भायेर या."

मी बाहेर आलो. हात रिकामे होते. म्हणालो, "आज काही नाही."

"न्हाई तर न्हाई." त्यांनी रुमाल सोडून पुन्हा बांधला. "येक सांगू का? रागावू नका. ती कणसं रस्त्यावरची, ते मला पयल्या दिसापासनं ठावं व्हतं. त्येला गाडीची चाकं लागल्याली दिसत व्हती. बिस्कुटाचा पुडा तुमी खात न्हाई, तेबी ठावं. तुमच्या घरच्या बाईच म्हनायच्या, सर पुड्यावर भाषान देत्यात." मग म्हणाल्या, "कशाला येवडं केलं? मोकळ्या हातानं हुबं ऱ्हायला असता तरी मी थांबले आसते."

मी फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिलो.

"हौद दावा मला," त्या म्हणाल्या आणि आत आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच फाटकाच्या आत आल्या होत्या. त्यांनी मोजा काढून पानांत हात घातला, खालीवर केलं. "गार पडनारच. आमच्याकडं उकिरड्यात चार घरचं पडतं, तवा कुटं खत तापतं. येका मानसाच्या कचऱ्याला ऊब धरत न्हाई."

जीवशास्त्र शिकवणाऱ्या मला हे कळायला हवं होतं. ढीग लहान असला की तापत नाही, हे मी कित्येकदा फळ्यावर लिहिलं होतं. बायको शेजाऱ्यांकडून सालं का मागायची, हे मला त्या वेळी कळलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी थांबली, तेव्हा बाईंनी मागून एक मोठी बादली खाली घेतली. भाजीबाजारातला पाला होता, कोबीची पानं, फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला. "घ्या," म्हणाल्या. "तुमाला कचरा द्यायला आलेय."

चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडी कचरा गोळा करायची हाय का वाटायची?"

"तू गप, तितं लांब वाहून न्यायाचा तो हितं पडला," बाई म्हणाल्या. "डिझेल वाचंल तुझं."

त्यानंतर त्या एक दिवसाआड बादली आणतात. मी पाल्याचा एक थर आणि जांभळाच्या पानांचा एक थर घालतो, ताक शिंपडतो. याची नोंद कुठे होत असेल असं वाटत नाही. साहेबांना कळलं तर बहुतेक त्यासाठी वेगळा नियम लागेल. बाईंनी मला आता सर म्हणायचं सोडलंय. कधीपासून ते लक्षात नाही, पण आबा म्हणतात. "आबा, आज काय केलं?" मी खरं सांगतो. पिठलं असेल तर पिठलं.

परवा सकाळी चांगलीच थंडी होती. सात-साडेसातला मागचं दार उघडून मी हौदाचं झाकण उचललं, तर आतून वाफ आली. बाही वर करून हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि मी दचकून बाहेर काढला. पुन्हा घातला. गरम होतं, अगदी तसंच. हात आत ठेवूनच मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अगं, इकडे ये, हात घाल."

खिडकीत ओट्यावर एकच कप होता.

ऊब जाऊ नये म्हणून मी झाकण नीट लावून घेतलं. हात धुतला नाही. पुढे येऊन फाटक उघडलं आणि तिथेच उभा राहिलो. साडेनऊला अजून दोन तास होते.